दादाला पहिला ग्लास कोणता देऊ? ओल्ड फॅशन्ड, मॅनहॅटन की सॅझरॅक

ओहायोकाठ | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

पुढच्या शुक्रवारी माझा दादा आणि वहिनी साताऱ्याहून पहिल्यांदाच माझ्याकडे येत आहेत. मी गेली नऊ वर्षं केंटकीत, लुईव्हिलला आहे. दादा एकसष्ट वर्षांचा. तीस वर्षं त्याचा नेम ठरलेला: शनिवारी संध्याकाळी स्कॉचचे दोन पेग, साधं पाणी, बर्फ अजिबात नाही, सोबत कांदा-कोथिंबीर-लिंबू घातलेले शेंगदाणे. मला पहिली व्हिस्की ओतून दिली ती त्यानेच. "लगेच गिळू नकोस, जिभेवर थांबू दे" हे शिकवलं तेही त्यानेच.

आता तो थेट बर्बनच्या मुलखात येतोय. पहिल्या संध्याकाळी मला माझ्या हाताने केलेलं एक कॉकटेल त्याला द्यायचं आहे. एकच. वीस-बावीस तासांचा प्रवास करून आलेला असेल, त्यामुळे त्या दिवशी दुसरा ग्लास नाही. म्हणून निवड नीट व्हायला हवी.

घरात सध्या असलेला माल: एक बर्बन आणि एक राय, दोन्ही ५० टक्क्यांच्या 'बॉटल्ड इन बॉन्ड'. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा १८९७ चा अमेरिकी कायदा. एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, किमान चार वर्षं सरकारी देखरेखीखालच्या गोदामात मुरलेली आणि बरोबर ५० टक्क्यांवर भरलेली दारू. बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका लागतो, राय व्हिस्कीत किमान ५१ टक्के राय. राय म्हणजे आपली मोहरी नव्हे, गव्हाच्या जातकुळीतलं धान्य आहे. मका गोडीकडे झुकतो, राय मिरीसारखी चरचरते. शिवाय गोड लाल व्हर्मूथ, अँगोस्टुरा बिटर्स (वनस्पतींचा कडू अर्क, बाटली झटकून थेंबाथेंबाने घालायचा), संत्री आणि लिंबं आहेत.

माझा कल मॅनहॅटनकडे आहे. दोन भाग राय, एक भाग व्हर्मूथ, बिटर्सचे दोन झटके, बर्फावर ढवळून गाळलेलं. मला स्वतःला याहून पूर्ण पेय माहीत नाही. पण गाव लुईव्हिल, आणि इथला पेंडेनिस क्लब ओल्ड फॅशन्ड आपल्याकडेच जन्मलं असं अभिमानाने सांगतो. ते डावलून दादाला न्यूयॉर्कचं पेय द्यायचं का? तुम्ही काय द्याल, आणि का?

---

निवांत५४ | शनिवार, रात्री १०:१५

तुमच्या दादांच्या जागी मी स्वतःला ठेवून लिहितो. मी नाशिकला असतो, सत्तरी जवळ आली आहे, आणि माझाही नेम जवळपास हाच. मला कोणी साखर घातलेली व्हिस्की दिली तर मी पिईन, कारण धाकट्या भावाने प्रेमाने केलेली आहे. पण आवडणार नाही.

ज्या माणसाने चार वर्षं पिंप सांभाळलं, त्याने त्या दारूत जे काही आणायचं ते आणलेलं असतं. वरून फळं, साखर, औषधी थेंब कशाला? दोन चमचे पाणी घाला, दादांच्या हातात द्या आणि शेजारी बसा.

---

मांडवीचा_वारा | रविवार, पहाटे १:०५

निवांतकाका, तुमचं म्हणणं मी काउंटरच्या या बाजूने चौदा वर्षं ऐकत आलोय. आधी क्रूझवर, आता पणजीत. तुमच्या वयाच्या गिऱ्हाइकाला मी कधी कॉकटेल घ्यायचा आग्रह केला नाही. पण एक गोष्ट मनापासून सांगतो: ही कॉकटेलं व्हिस्की झाकायला जन्मलेली नाहीत. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या वर्तमानपत्रात कॉकटेलची पहिली व्याख्या छापून आली. तिच्यात चारच गोष्टी आहेत: दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. म्हणजे आजचं ओल्ड फॅशन्डच. पुढे बारवाले त्यात नाना लिकर ओतायला लागले, तेव्हा जुनी गिऱ्हाइकं म्हणाली की आम्हाला ते जुन्या पद्धतीचं द्या. नाव पडलं ते त्यावरून. त्यामुळे पेंडेनिस क्लबचा दावा क्लबच्या ठिकाणी असू द्या, पेय त्याच्या आधीचं आहे.

ओहायोकाठ, तुम्ही पेयाच्या नावावरून सुरुवात केलीत. मी आधी माणसाला विचारतो: रोज काय पिता, कसं पिता? पाण्याबरोबर स्कॉच पिणाऱ्याला पहिल्याच दिवशी लिंबू देऊ नये, म्हणजे व्हिस्की सावर बाद. व्हर्मूथ म्हणजे वनस्पती मुरवलेली, वरून दारू घालून थोडी कडक केलेली वाइन. वाइनची सवय नसलेल्या जिभेला ती पहिल्या घोटाला परकी लागते. म्हणून मॅनहॅटन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी ओल्ड फॅशन्ड, आणि तेही असं करा:

जाड बुडाच्या ग्लासात साखरेचा एक खडा. त्यावर अँगोस्टुराचे तीन झटके, खडा तपकिरी होऊन ढासळायला लागेल. एक लहान चमचा पाणी. चमच्याच्या पाठीने रगडा, खरखर थांबेपर्यंत. बहुतेक लोक इथेच घाई करतात आणि मग शेवटच्या घोटात साखरेचा रवा येतो. मग ६० मिली व्हिस्की. बर्फाचा एकच मोठा तुकडा. पंचवीस-तीस वेळा संथ ढवळा. आता संत्र्याची साल, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी, आतला पांढरा भाग शक्य तितका कमी. बाहेरची बाजू ग्लासाकडे करून दिव्यासमोर धरा आणि एकदाच दाबा. तेलाचा बारीक फवारा डोळ्यांना दिसतो, आणि ग्लासात बघाल तर वर तेलाची नखाएवढी चमकती वर्तुळं तरंगताना दिसतील. ती साल ग्लासाच्या कडेवरून फिरवून आत सोडा.

संत्र्याच्या फोडी आणि लाल चेरी ठेचून घालू नका. विस्कॉन्सिनमध्ये ब्रँडी घालून तसं करतात आणि तो त्यांच्याकडचा आवडता प्रकार आहे, पण तुमच्या दादांसाठी तो नाही.

---

ठाण्याचा_नवा | रविवार, सकाळी ८:३०

खूप छान धागा. मला मॅनहॅटनबद्दल विचारायचं होतं. मागच्या महिन्यात घरी केलं तर जुन्या आसवासारखं लागलं, आंबूस आणि उग्र. व्हर्मूथ चांगल्या कंपनीचं होतं. प्रमाणही तुम्ही लिहिलंय तेच.

---

मांडवीचा_वारा | रविवार, सकाळी ९:००

बाटली कधी उघडलेली आणि कुठे ठेवलेली?

---

ठाण्याचा_नवा | रविवार, सकाळी ९:१०

गणपतीच्या आधी उघडली होती. व्हिस्कीच्या शेजारी, कपाटात.

---

मांडवीचा_वारा | रविवार, सकाळी ९:२०

मग दोष तुमच्या हाताचा नाही. व्हर्मूथ सोळा-अठरा टक्क्यांचं असतं, शेवटी ती वाइनच. उघडल्या दिवसापासून फ्रीजमध्ये ठेवायची आणि महिना-दोन महिन्यांत संपवायची. आपल्या हवेत कपाटात ठेवली तर गेलीच म्हणून समजा. लहान बाटली मिळाली तर तीच घ्या. ही नीट करा आणि पुन्हा करून बघा, मॅनहॅटनवर फुली मारू नका. इंटरनॅशनल बारटेंडर्स असोसिएशनचं प्रमाण ५० मिली रायला २० मिली व्हर्मूथ असं आहे, पहिल्यांदा तेच धरा.

---

रसायनी | रविवार, दुपारी १२:२५

माझं काम पुण्यात प्रयोगशाळेत आहे, त्यामुळे मला इथे आकडे मांडावेसे वाटतात. चव ज्याची त्याची, पण वीस तासांच्या प्रवासानंतर एकसष्ट वर्षांच्या माणसाला देताना ग्लासात शुद्ध मद्यार्क किती जातोय हे बघायलाच हवं.

आपल्याकडचा ६० मिलीचा मोठा पेग ४२.८ टक्क्यांचा असतो. म्हणजे मद्यार्क २५.७ मिली.

तुमची ५० टक्क्यांची राय ६० मिली घेतली तर ३० मिली, त्यात ३० मिली व्हर्मूथचे ४.८ मिली. म्हणजे मॅनहॅटनच्या एका देखण्या ग्लासात जवळपास ३५ मिली. एक मोठा पेग आणि वर एक तृतीयांश. आणि लागतं मऊ. त्यामुळे ते तीन घोटांत संपतं, हेच मला पटत नाही.

त्याच बाटलीतून केलेल्या ओल्ड फॅशन्डमध्ये ३० मिली. बर्बन ४५ मिलीच घेतलीत तर २२.५. तेवढ्याच मापाने केलेल्या सावरमध्येही मद्यार्क तेवढाच, पण पेय जास्त मोठं आणि पातळ.

दुसरी गोष्ट पाण्याची. ढवळताना बर्फ वितळतो तो काही चुकून नाही. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषतो आणि पेय मुख्यतः त्यामुळेच थंड होतं. थंड करणं आणि पाणी घालणं ही एकच क्रिया आहे, दोन नाहीत. गाळलेल्या मॅनहॅटनमध्ये साधारण पाव हिस्सा पाणी बर्फाचं असतं. जो कमी ढवळतो तो कडक करत नाही, अर्धवट सोडतो.

आणि निवांतकाका, तुमच्या दोन चमचे पाण्यालाही आधार आहे. २०१७ साली स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकावर मद्यार्क, पाणी आणि ग्वायकॉल यांचे रेणू मांडून बघितले. ग्वायकॉल म्हणजे व्हिस्कीला धुराचा वास देणाऱ्या घटकांपैकी एक. मद्यार्काचं प्रमाण जास्त असलं की ग्वायकॉल आत खोल मद्यार्कात गुरफटून राहतं, पाणी वाढलं की ते पृष्ठभागाकडे येतं, नाकाजवळ. तेव्हा तुम्ही आणि दादा आयुष्यभर जे करत आलात तेच काम बारवाला ढवळून करतो.

---

निवांत५४ | रविवार, दुपारी १:४०

रसायनीताई, हे वाचून फार बरं वाटलं. पाण्याचं कोणी असं समजावून सांगितलं नव्हतं.

आमच्या पिढीने पाण्याचं माप फार जपलं, कारण बाटली जपून वापरावी लागायची. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याला परवाना लागायला लागला आणि बारला 'परमिट रूम' हे नाव चिकटलं ते आजतागायत. माझ्या वडिलांचं परमिट मी पाहिलं आहे. ते पेग ओतून ग्लास उजेडाकडे धरायचे आणि पाणी तांब्यातून बारीक धारेने सोडायचे. रंग ठरलेल्या ठिकाणी आला की थांबायचे. कधी चमचा वापरला नाही.

ओल्ड फॅशन्डमध्ये बर्फ हळूहळू पाणी सोडत राहतो, म्हणजे पहिला घोट कडक आणि शेवटचा मऊ. हे मला पटण्यासारखं आहे. साखर अर्धी करा म्हणजे झालं.

---

केशरबाई | रविवार, संध्याकाळी ६:५०

मी न्यू ऑर्लिन्सला राहते, म्हणून सॅझरॅकची बाजू मलाच मांडायला हवी. धाग्याच्या नावात ते आहे आणि अजून त्यावर कोणीच बोललेलं नाही!

आमच्या शहराचं हे पेय आहे. २००८ मध्ये लुईझियानाच्या विधिमंडळाने ते न्यू ऑर्लिन्सचं अधिकृत कॉकटेल ठरवलं. कॅरिबियनमधल्या सेंट-डोमिंग या फ्रेंच वसाहतीतून (आजचं हैती) आलेलं पेशो हे औषधविक्रेत्याचं घराणं, त्यांनी बनवलेले लाल रंगाचे बिटर्स हा याचा प्राण. सॅझरॅक हे नाव एका कोन्याकचं, म्हणजे फ्रेंच ब्रँडीचं, कारण सुरुवातीला हे ब्रँडीचं पेय होतं असं इथे सांगतात. मग फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे खाल्ले, ब्रँडी मिळेना, आणि ग्लासात राय आली. १९१२ मध्ये अमेरिकेत बडीशेपेच्या वासाच्या कडक दारूवर, म्हणजे अ‍ॅबसिंथवर बंदी आली तर लोकांनी तसाच वास असलेलं हर्बसेंट काढलं. एवढं सगळं होऊनही पेय टिकलं, याचं मला फार कौतुक आहे.

करतात कसं ते पहा. दोन ग्लास लागतात. एकात बर्फ भरून तो गार व्हायला ठेवायचा. दुसऱ्यात साखरेचा खडा, पेशोचे चार झटके, रगडायचं, ६० मिली राय, बर्फ, ढवळायचं. आता पहिल्यातला बर्फ टाकून द्यायचा, त्यात अ‍ॅबसिंथ अर्धा चमचा घालून ग्लास आडवा फिरवायचा, काच आतून ओली झाली की उरलेलं ओतून द्यायचं. त्यात पेय गाळायचं. लिंबाची साल वरून पिळायची, आणि जुने लोक ती आत टाकत नाहीत, बाजूला ठेवतात.

ओहायोकाठ, आता तुमचंच वाक्य परत वाचा: "बर्फ अजिबात नाही." सॅझरॅकमध्ये बर्फ नसतो! पाणी ढवळतानाच आत गेलेलं असतं, तुमच्या दादांच्या पेगसारखं. ग्लास हातात घेऊन बसलं की ते हळूहळू कोमट होतं आणि वास उघडत जातो. ओल्ड फॅशन्डमध्ये तो मोठा तुकडा सतत ओठाला लागणार. तीस वर्षं बर्फ न घेणाऱ्या माणसाला तेच खटकेल.

अ‍ॅबसिंथच्या वासाला कोणी घाबरू नये. त्यात बडीशेपेच्या जातीचा वास असतो. आपण रोज जेवल्यावर जे चघळतो तेच नाकाला लागतं.

---

मांडवीचा_वारा | रविवार, रात्री ११:३०

केशरबाईंनी मला विचारात पाडलं. बर्फ नको म्हणणाऱ्याला बर्फाचं पेय देतोय हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. तरीही पहिल्या दिवशी अ‍ॅबसिंथ म्हणजे धाडस आहे. बडीशेप तोंडात आवडते म्हणून दारूत आवडेलच असं नाही. आमच्याकडे दहातले चार जण पहिल्या वासालाच ग्लास सरकवतात.

---

हिमगौरी | सोमवार, सकाळी ७:१५

ओसाकाहून. इथे संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसं हायबॉल मागवतात, म्हणजे व्हिस्की आणि सोडा. आपल्याकडच्या व्हिस्की-सोड्याचं हे सख्खं भावंड, फक्त शिस्त वेगळी. उंच ग्लास काठोकाठ बर्फाने भरायचा, व्हिस्की ओतून ढवळायचं, बर्फ खाली बसला की पुन्हा भरायचा. सोडा फ्रीजमधला, व्हिस्कीच्या तीन-चार पट, बर्फावर न आदळता कडेने सोडायचा. मग चमचा एकदाच खालून वर. जास्त ढवळलं की बुडबुडे जातात.

४५ मिलीत केलं तर शेवटी नऊ-दहा टक्क्यांचंच पेय होतं, म्हणजे रसायनीताईंच्या काळजीवरही उत्तर. जेवणाबरोबर चालतं, तळलेल्या पदार्थांबरोबर तर फारच छान. थकून आलेल्या माणसाला मी हेच देईन.

---

अर्धा_डझन_लिंबं | सोमवार, सकाळी ११:००

व्हिस्की सावर एका वाक्यात बाद केलंत, म्हणून लिहितोय. ४५ बर्बन, २५ लिंबाचा रस, २० साखरेचा पाक, आणि अंड्याचा पांढरा भाग आधी बर्फाशिवाय शेक करून. वरचा फेस साय धरल्यासारखा उभा राहतो. व्हिस्की न आवडणारी किती माणसं मी या एका पेयाने व्हिस्कीकडे आलेली पाहिली आहेत! अंडं चालत नसेल तर काबुली चणे उकडलेलं पाणी दोन मोठे चमचे घाला, फेस तसाच येतो.

भारतात करणाऱ्यांसाठी: तिकडे पिवळं, जाड सालीचं लेमन वापरतात. आपलं कागदी लिंबू त्याहून धारदार. २५ ऐवजी २० मिलीच घ्या.

---

माळावरचा | सोमवार, दुपारी २:१०

दादा स्कॉचवाले आहेत ना? मग रॉब रॉय का नाही? मॅनहॅटनच, फक्त रायच्या जागी स्कॉच. १८९४ साली न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ हॉटेलात, त्याच नावाच्या संगीतिकेवरून नाव पडलं म्हणतात.

आणि मॅनहॅटनबद्दल एक खोटी गोष्ट फिरते ती इथे कोणी लिहायच्या आधीच सांगतो. चर्चिल यांच्या आईने १८७४ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन क्लबमध्ये मेजवानी दिली आणि तिथे हे पेय जन्मलं, असं सांगतात. त्याच सुमारास, ३० नोव्हेंबरला, ती बाई इंग्लंडमध्ये ब्लेनहाइम राजवाड्यात बाळंत होत होती. पोटातले चर्चिल घेऊन ती अटलांटिकच्या दोन्ही काठांवर असू शकत नाही.

---

ओहायोकाठ | सोमवार, रात्री १०:००

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. मनापासून आभार.

माळावरचा, स्कॉच तो घरी पितोच. इथे येऊन त्याने इथल्या मातीतलं प्यावं अशी इच्छा आहे, म्हणून रॉब रॉय नाही.

मॅनहॅटनचा हट्ट मी सोडला. रसायनीताईंचा ३५ मिलीचा हिशोब मी कधी केलाच नव्हता, आणि मी शनिवारी दोन पितो. ते आता एकावर आणलं आहे.

एक राहिलं. वहिनी घेत नाही. पण सगळ्यांच्या हातात सुंदर ग्लास आणि तिच्या हातात सरबताचा पेला, असं मला नको आहे. तिच्यासाठी काय करता येईल?

---

केशरबाई | सोमवार, रात्री १०:४०

तुम्ही हे विचारलंत याचा आनंद झाला. सहसा कोणी विचारत नाही. आधी एक सावधगिरी: "नुसता सोडा आणि बिटर्स" असं कोणी सुचवेल. अँगोस्टुरा बिटर्स ४४.७ टक्क्यांचे असतात. थेंब थोडे असले तरी जी घेत नाही तिला न सांगता देऊ नये.

कोरा चहा कडक करा, पूर्ण गार करा. त्यात गूळ किंवा काकवी, सुंठ चिमूटभर, त्याच जाड बुडाच्या ग्लासात मोठा बर्फ, आणि संत्र्याची साल तशीच पिळून. चहाचा तुरटपणा पिंपाच्या लाकडासारखा लागतो. मी व्रताच्या दिवसांत हेच पिते.

---

मांडवीचा_वारा | मंगळवार, रात्री १२:५०

काकवीचं नाव निघालं म्हणून. ओल्ड फॅशन्डमध्ये साखरेऐवजी काकवी एक लहान चमचा घालून बघा. बर्बनला जी कॅरामलची बाजू असते तिला ती बरोबर धरते. मी आमच्या गोव्याच्या सिंगल माल्टबरोबरही करतो. ती पॉल जॉनची दारू मुरते बर्बनच्या रिकाम्या पिंपांत. बर्बनला कायद्याने दर वेळी नवं पिंप लागतं, म्हणून केंटकीची वापरलेली पिंपं जगभर जातात, स्कॉटलंडलाही आणि आमच्या कुंकळ्ळीलाही. तुमच्या दादांच्या स्कॉचमध्ये तीस वर्षं तुमच्या गावचं लाकूड होतंच, हे त्यांना सांगा.

बर्फाचं: थर्मासच्या जातीचा उघडा डबा पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवा. वरून खाली गोठत जातो आणि हवा तळाशी ढकलली जाते. वरचा भाग काचेसारखा निघतो, तळाचा पांढुरका कापून टाका.

---

निवांत५४ | मंगळवार, सकाळी ८:००

पिंपांचं हे मला माहीत नव्हतं. शुक्रवारची वाट बघतो आहे. आणि ओहायोकाठ, दादा रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या घेत असतील तर आधी विचारून घ्या, प्रवासात अशा गोळ्या घेतलेल्या असतात.

---

ओहायोकाठ | मंगळवार, रात्री ८:३०

विचारलं, काका. काही घेत नाही. आठवण केलीत हे बरं झालं.

---

ओहायोकाठ | पुढचा बुधवार, रात्री ११:१५

उशिरा लिहितोय, माफ करा. घर भरलेलं होतं.

शुक्रवारी ओल्ड फॅशन्ड केलं. बर्बन ४५ मिली, साखर अर्धा खडा, बर्फ काचेसारखा निघाला. साल दिव्यासमोर पिळली तेव्हा दादा खुर्चीतून पुढे वाकून बघत होता. पहिला घोट त्याने जिभेवर थांबवला. काही बोलला नाही. दुसरा घेतला आणि म्हणाला, "चांगलंय, पण गार फार आहे रे." मग त्याने चमचा मागितला, बर्फाचा तुकडा उचलला आणि वहिनीच्या चहाच्या ग्लासात ठेवला. केशरबाई, तुम्ही लिहिलं होतं तेच झालं. त्यानंतर उरलेला अर्धा ग्लास त्याने चाळीस मिनिटं पुरवला. शेंगदाणे मी केले होते, त्यात कोथिंबीर कमी पडली असं तो म्हणाला.

पिंपांचं सांगितलं तेव्हा ग्लास खाली ठेवून मला पुन्हा सांगायला लावलं.

रविवारी जेवणानंतर सॅझरॅक. पेशोचे बिटर्स आणि अ‍ॅबसिंथची लहान बाटली शनिवारी मुद्दाम आणली. ग्लास हातात दिल्यावर तो प्यायलाच नाही, नुसता वास घेत राहिला. मग वहिनीकडे दिला, "बघ, बडीशेप आहे का?" तिने हुंगला आणि म्हणाली, "बडीशेप नाही, बाळंतशेप." दोघांनी यावर बराच वेळ घातला. त्याने तो ग्लास तासभर पुरवला, आणि शेवटचा घोट खोलीच्या हवेइतका झालेला होता तेव्हा म्हणाला की हा सगळ्यात चांगला.

मॅनहॅटन मंगळवारी करून दाखवलं, अर्ध्या मापात. आवडलं नाही. मला वाईट वाटलं, कारण माझं ते सगळ्यात लाडकं. पण तो म्हणाला, "तू पी, मी बघतो," आणि मी ढवळताना किती वेळा फिरवतो ते मोजत बसला.

आज संध्याकाळी मी कामावरून आलो तर ओट्यावर दोन ग्लास मांडलेले, एक बर्फाने भरलेला. सोलाणं घेऊन तो लिंबाची साल काढत होता. दोनदा पांढरा भाग आला म्हणून टाकून दिल्या, तिसरी बरोबर निघाली. मला खुर्चीत बसवलं आणि ग्लास आणून दिला. अ‍ॅबसिंथ थोडं जास्त झालं होतं. मी सांगितलं नाही, पण वास घेऊन त्यालाच कळलं.

उद्या ओल्ड फॅशन्ड त्याच्याच हातचं, बर्फावर ढवळून पण बर्फ न घालता गाळलेलं. साखरेऐवजी काकवी. वहिनीने बॅगेतून बाटली आणली होती, ती आज काढली.